मातीत मुरलेली नक्षी

भांडे घडल्यावर त्यावर नक्षी रेखाटणे, ही आपल्या परिचयाची रीत. जपानमधील ‘नेरिआगे’ कलेत मात्र निरनिराळ्या रंगांची माती थराथरांनी जुळवून तिचेच भांडे घडवितात. बाहेरची रेषा आतही उमटते. येथे लपवाछपवीस वाव नाही. सुकताना व भाजताना माती आकसते. दोन थरांचे आकसणे जुळले नाही, तर सांधा उकलतो. म्हणून एकाच मातीत निरनिराळी धातुभस्मे मिसळून रंग साधणे हिताचे ठरते.

कासामा येथील बौद्ध मंदिराचे प्रमुख धर्मगुरू मात्सुई कोसेई (१९२७–२००३) यांनी ही कला शिखरास नेली. १९९३ साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान त्यांना लाभला. काही पात्रे आतून फुगवून त्यांच्या पृष्ठभागावर त्यांनी मुद्दाम तडे उमटू दिले. हा केवळ कौशल्याचा देखावा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाही. ज्या तड्याची धास्ती प्रत्येक कुंभार बाळगतो, त्यालाच त्यांनी नक्षीत मानाचे स्थान दिले. त्यांच्या काटेकोर रेषांच्या पात्रांचे आम्ही कौतुक करतो. जिव्हाळा मात्र तडा गेलेल्या पात्रांविषयीच वाटतो.