‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा परामर्श आपल्याकडे बहुधा दोन रीतींनी घेतला जातो. शाळेत त्यातील विनोदी प्रसंग तेवढे निवडून शिकविले जातात. धर्मसभेत तोच ग्रंथ धर्मांतराची साक्ष म्हणून पुढे ठेवला जातो. पहिल्या रीतीत श्रद्धा निसटते, दुसरीत माणूस निसटतो. श्रद्धा रोजच्या संसारात कशी मुरत जाते, हे दाखविण्यातच या ग्रंथाचे सामर्थ्य आहे, असे आमचे मत आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. या मधल्या वर्षांची हकीकत हा ग्रंथाचा गाभा होय. ताटातूट, आप्तांचे दडपण, पुन्हा एकत्र आल्यावरही निराळी चूल व सोवळे-ओवळे, हे सारे त्यांनी भोगले. पतीच्या विद्वत्तेने त्यांचा पीळ सुटला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच मनाशी घोळविला आणि विटाळाची कल्पना टाकून दिली. नव्या धर्माचा स्वीकार त्यानंतरचा. हा क्रम ज्या वाचकाच्या ध्यानात आला नाही, त्याला ग्रंथाचे मर्म सापडले नाही असेच म्हटले पाहिजे.

श्रद्धेइतकेच येथे प्रोत्साहनाचेही मोल आहे. लग्नानंतर लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून दिली ती टिळकांनी. त्यांचा तापट स्वभाव आणि घरातले उचलून दुसऱ्यास देण्याची वृत्ती लक्ष्मीबाई झाकून ठेवीत नाहीत. तरीही त्यांच्याविषयीचा आदर उणावत नाही. अहमदनगरास त्यांच्या घरी राहिलेल्या बालकवी ठोमरे यांस या दांपत्याने पोटच्या पोरासारखे वागविले. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या मायेला धर्माची अट नव्हती, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्यांनी अक्षर शिकविले त्यांचेच महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे पुरे केले. काव्य म्हणून ते आम्हांस ‘स्मृतिचित्रां’इतके सरस वाटत नाही, विषयाच्या पावित्र्यापुढे त्यांचा मिस्किलपणा संकोचतो, आणि तोच तर त्यांच्या लेखणीचा प्राण. गद्यात मात्र त्या देवाच्या सान्निध्यातही मोकळेपणाने हसू शकतात. हे हसणे श्रद्धेच्या आड येत नाही. श्रद्धा दृढ असल्याचीच ती खूण आहे.

गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. तेथून चालत आलेल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे आपण आजही पाहुण्यासारखे पाहतो. अध्यापकांनी वर्गात ‘स्मृतिचित्रां’तील विनोदी उतारा अवश्य वाचावा, परंतु त्याच्या शेजारी जातिभेदाचा त्याग सांगणारा उताराही वाचावा. मुले पहिल्या उताऱ्याला हसतील आणि दुसऱ्यापाशी थबकतील. एकाच लेखणीतून ही दोन्ही कशी उतरली, असा प्रश्न त्यांना पडला, तर त्या तासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.