दिवाळींतील मातीचे किल्ले : बोरीवलीकडील प्रतींचें परीक्षण

बोरीवलीच्या वसाहतींच्या आवारांत दिवाळीच्या सुमारास मुलें दगड, विटा, माती व गोणपाट यांचे जे किल्ले उभारतात, त्या एका अर्थीं मूळ दुर्गांच्या प्रतीच होत. व प्रत म्हटली कीं तिचा पाठ तपासणें ओघानेंच आलें.

या प्रतींत बांधकाम बहुधा बरें साधतें. बुरूज, तट, सिंहासनस्थ महाराज, अहळीव पेरून उगविलेली हिरवळ, यांत मुलांचे श्रम दिसतात. पाठ भ्रष्ट होतो तो डोंगराचा. फलक रायगड, राजगड, प्रतापगड असे निरनिराळे. ते काढले तर सर्वत्र तोच शंकूसारखा ढीग उरतो, व पायथ्यापासून दरवाजापर्यंत सरळ जिना. वस्तुतः राजगडाच्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या तीन दिशांस पसरल्या असून मध्यें बालेकिल्ला उठला आहे. माच्या गाळल्या कीं राजगड उरत नाहीं. रायगडाचा महादरवाजा तर दोन प्रचंड बुरुजांच्या आड, वळणांत दडविलेला. तेथें सरळ जिना करणारा बालशिल्पी नकळत शत्रूचीच सोय करितो!

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें असें सांगितलें आहे. गडाजवळ दुसरा डोंगर नसावा, असल्यास सुरुंगानें फोडावा, तें न साधल्यास तोही बांधून मजबूत करावा, असाही निर्देश आहे. मुलांच्या किल्ल्यांत तळें शेवटीं, आरशाचा तुकडा ठेवून होतें. शेजारचा डोंगर कोठेंच नसतो. जुलै 2025 मध्यें युनेस्कोनें बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत घेतलें तें ‘मराठा लष्करी भूदृश्यें’ या नांवानें, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आणखी एक नवल. बोरीवलीहून उत्तरेस, खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. तीन बाजूंस पाणी, एका बाजूस जमीन. 1739 च्या वेढ्यांत चिमाजी आप्पांच्या सैन्यानें सुरुंग लाविले ते या जमिनीकडील तटास. वाळू, चिखल व निळी रांगोळी एवढ्यावर हा वेढा अंगणांत मांडतां येईल. तरी त्याची प्रत क्वचितच दिसते, कारण त्यास डोंगराची उंची नाहीं. ज्या संग्राहकांच्या दप्तरांत किल्ल्यांचे जुने नकाशे आहेत, त्यांनीं आश्विनापूर्वीं त्यांच्या नकला जवळच्या शाळांस द्याव्या.