‘पहिला’ या शब्दाच्या पुढे काय? अर्ल कॅमरन यांची कारकीर्द वाचताना

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: “अर्ल कॅमरन हे ब्रिटिश पडद्यावरचे पहिले कृष्णवर्णीय नट होत.” मार्गदर्शक मॅडमनी ‘पहिले’ या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि समासात दोनच शब्द लिहिले. “कशात पहिले?”

मला वाटलं, किरकोळ दुरुस्ती आहे, अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात त्या गोलात माझे दोन महिने गेले आणि प्रबंधाचा एक अख्खा विभाग नव्यानं लिहावा लागला. तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधन प्रस्ताव लिहिताय आणि बहुतेक प्रस्तावांत ‘पहिला’, ‘आद्य’, ‘प्रवर्तक’ असे शब्द असतातच. म्हणून ही सगळी खटपट तुमच्यासमोर मांडतोय.

आधी माणसाची ओळख करून घेऊ. अर्ल कॅमरन यांचा जन्म १९१७ साली बर्म्युडात झाला. व्यापारी जहाजावर नोकरी करत ते १९३९ मध्ये लंडनला पोचले, हॉटेलात भांडी घासली, आणि १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘चू चिन चाव’ या संगीत नाटकात एक छोटं काम मिळालं तेव्हा रंगभूमीवर आले. १९५१ साली ‘पूल ऑफ लंडन’ या चित्रपटात त्यांना मोठी भूमिका मिळाली. पुढे बीबीसी आणि इतर वाहिन्यांवर दोन दशकं त्यांची कामं चालू होती. २०२० साली, वयाच्या १०२व्या वर्षी, ते इंग्लंडमध्ये वारले. त्या वेळी छापून आलेल्या बहुतेक मृत्युलेखांत ‘पहिला’, ‘पायाचा दगड’ अशा अर्थाचे शब्द होतेच.

आता मॅडमचा प्रश्न घ्या. कशात पहिले?

टेलिव्हिजनमध्ये म्हणाल, तर नाहीत. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीची नियमित टेलिव्हिजन सेवा सुरू झाली, त्याच दिवशीच्या कार्यक्रमात ‘बक अँड बबल्स’ ही कृष्णवर्णीय अमेरिकन जोडी होती. नाट्यभूमिकेत म्हणाल, तर ब्रिटिश गयानाचे रॉबर्ट ॲडम्स १९३८ मध्येच बीबीसीवर युजीन ओनीलच्या ‘द एम्परर जोन्स’मध्ये प्रमुख भूमिकेत दिसले होते. बरं, चित्रपटात? तिथे पॉल रोबसन १९३०च्या दशकात ब्रिटिश चित्रपटांचे नायक होऊन गेले होते. रोबसन अमेरिकन होते, म्हणून मग ‘ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले पहिले’ अशी पुस्ती जोडावी लागते. एक पुस्ती जोडली की दुसरी लागते. शेवटी ‘पहिला’ शिल्लक राहतो, पण त्याच्या मागे इतकी विशेषणं लागलेली असतात की वाक्याला धाप लागते.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती दस्तऐवजांची आहे. ॲडम्स यांचं १९३८चं काम थेट प्रक्षेपित झालं आणि हवेत विरलं. त्या काळी टेलिव्हिजन ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवण्याची सोयच नव्हती. पुढे फीत आली, पण ती महाग. म्हणून जुनं पुसून तिच्यावर नवं मुद्रित केलं जाई. बीबीसीचे शेकडो कार्यक्रम असे गेले. म्हणजे ‘पहिला’ ठरवताना आपण बऱ्याचदा ‘ज्याची फीत उरली त्यातला पहिला’ असंच ठरवत असतो. जे उरलं नाही ते घडलंच नाही असं धरून चालणं, ही संशोधनातली सगळ्यात जुनी चूक. आणि ती माझ्याकडून झाली होती.

मग प्रश्न बदलला. पहिले की दुसरे हा नाद सोडला आणि असं विचारायला लागलो: या माणसाला पडद्यावर काय काय *करू* दिलं गेलं?

‘पूल ऑफ लंडन’पासून सुरुवात केली. दिग्दर्शक बॅझिल डिअर्डन. कॅमरन यात जॉनी नावाचा जमैकाचा खलाशी आहेत. जहाज लंडनच्या धक्क्याला लागतं आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत जॉनीची पॅट नावाच्या गोऱ्या मुलीशी ओळख होते. दोघं शहरभर हिंडतात, बोलतात. प्रेम उमलू पाहतं, पण चुंबनसुद्धा होत नाही. दुसरीकडे त्याचा मित्र डॅन हिऱ्यांच्या चोरीत अडकतो आणि जॉनीला काही कळू न देता त्यात ओढतो. शेवटी डॅन पोलिसांच्या स्वाधीन होतो, म्हणून जॉनी सुटतो. चित्रपट पुन्हा पाहताना मी नुसती क्रियापदं टिपली. जॉनी भेटतो, ऐकतो, विश्वास टाकतो, लुबाडला जातो, वाचवला जातो. निर्णय घेण्याची क्रियापदं जवळजवळ सगळी डॅनच्या वाट्याला आली आहेत. आणि तरीही चित्रपट संपल्यावर लक्षात राहतो तो जॉनी, कारण कॅमरन त्या संकोची माणसाला एक शांत वजन देतात. पॅटशी बोलताना ते अर्ध्यावर थांबतात, नजर वळवतात, आणि न बोललेलं वाक्य आपल्याला ऐकू येतं. पटकथेनं जे दिलं नाही, ते नटानं त्या थांबण्यात भरून काढलं.

दुसरा चित्रपट ‘सफायर’, १९५९. दिग्दर्शक तेच. नॉटिंग हिलमध्ये कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले त्याच्या पुढच्याच वर्षीचा. हॅम्पस्टेड हीथवर एका तरुणीचा मृतदेह सापडतो. पोलिस तिला गोरी समजत असतात. मग तिचा भाऊ, बर्मिंगहॅमचे डॉक्टर रॉबिन्स, पोलिसांसमोर येतात. तेच कॅमरन. त्यांचा चेहरा पाहिल्यावर तपासाची दिशाच बदलते. आणि शेवटी याच डॉक्टरांना स्वतःच्या घरात उभं पाहून खुन्याच्या मनातला द्वेष उफाळून बाहेर पडतो. बारकाईनं पाहा: कथेत डॉ. रॉबिन्स दोनदा निर्णायक ठरतात, आणि दोन्ही वेळा काही करून नव्हे, नुसते समोर आल्यामुळे. ते डॉक्टर आहेत, पण त्यांची डॉक्टरी कथेला लागतच नाही. कथेला लागतो तो त्यांचा रंग.

इथे माझं पहिलं गृहीतक तयार झालं. कॅमरन यांना ‘भला माणूस’ बनवून ठेवलं गेलं, आणि गोऱ्या पात्रांची परीक्षा घेण्यासाठी त्यांचा भलेपणा वापरला गेला. गृहीतक मला फार आवडलं. मी त्यावर बारा पानं लिहिली.

मग टेलिव्हिजनवरच्या कामांचे तपशील जमवायला बसलो. १९५६ साली बीबीसीवर ‘अ मॅन फ्रॉम द सन’ हे कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांवरचं नाटक झालं, त्यात त्यांची समाजाच्या पुढाऱ्याची भूमिका होती. १९६० साली ‘द डार्क मॅन’मध्ये ते टॅक्सीचालक झाले. कामाच्या ठिकाणी वाट्याला येणारा भेदभाव हाच त्याचा विषय. इथवर गृहीतक शाबूत. पण १९६४चं ‘फिअर ऑफ स्ट्रेंजर्स’ आडवं आलं. त्यात कॅमरन सॅक्सोफोनवादक आहेत आणि भुरटे गुन्हेगारही. खुनाच्या संशयावरून त्यांना धरून आणलं जातं आणि स्टॅनली बेकर यांनी रंगवलेला पोलिस अधिकारी वर्णद्वेषानं त्यांना घालूनपाडून बोलतो. म्हणजे हा माणूस काही धुतल्या तांदळासारखा नाही! माझ्या बारा पानांचं काय करायचं?

अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे ते काम तळटीपेत ढकलून द्यायचं. दुसरा, ‘अपवादानं नियम सिद्ध होतो’ म्हणून पुढे जायचं. दोन्ही टाळा. अपवाद नियमाला सिद्ध करत नाही. तुम्ही नियम कुठे चुकीचा मांडलात, ते तो दाखवतो. मी कॅमरन यांच्या स्वभावाकडे पाहत होतो, पाहायला हवं होतं कथेच्या प्रश्नाकडे. जॉनी, डॉ. रॉबिन्स, टॅक्सीचालक, सॅक्सोफोनवादक. माणूस भला असो वा भुरटा, कथेत त्याच्यापुढचा प्रश्न एकच होता, तो म्हणजे त्याचा रंग.

उलट बाजूनं तपासायला मला ‘डॉक्टर हू’ मिळालं. ऑक्टोबर १९६६मध्ये प्रक्षेपित झालेली ‘द टेन्थ प्लॅनेट’ ही चार भागांची कथा. कॅमरन त्यात विल्यम्स नावाचे अंतराळवीर आहेत. कथेचा काळ १९८६चा. विल्यम्सच्या रंगाचा प्रश्न कथा उपस्थितच करत नाही. तो यानात बसून तळाशी बोलतो, आकडे सांगतो, आपलं काम करतो. प्रत्यक्षात पहिला कृष्णवर्णीय माणूस, क्यूबाचे आर्नाल्दो तामायो मेंदेस, अंतराळात गेला तो १९८० साली. म्हणजे टेलिव्हिजननं ही गोष्ट चौदा वर्षं आधी दाखवली, आणि तीही गाजावाजा न करता. पण विल्यम्स दुसऱ्या भागातच यानासह मरतो. आणि एक लक्षात घ्या: त्या कथेचा चौथा भाग आज उपलब्ध नाही, पहिले तीन आहेत. पुसलं जाण्याचा तडाखा थोडा इकडेतिकडे बसला असता, तर हा अंतराळवीर श्रेयनामावलीतलं नुसतं एक नाव होऊन राहिला असता.

तेव्हा माझं सुधारलेलं विधान असं: त्या काळात कॅमरन यांची भूमिका जिथे मोठी, तिथे कथेचा प्रश्न त्यांचा रंग. आणि जिथे रंगाचा प्रश्न नाही, तिथे भूमिका छोटी. ‘थंडरबॉल’मधला बाँडचा नासाऊमधला सहकारी, ‘द प्रिझनर’मधला देखरेख अधिकारी ही नावंही या दुसऱ्या रांगेत येतात. कोबेना मर्सर यांनी १९९०मध्ये ‘प्रतिनिधित्वाचं ओझं’ ही कल्पना कृष्णवर्णीय कलाकारांच्या संदर्भात मांडली: एकट्यादुकट्याला संधी मिळते तेव्हा त्यानं साऱ्या समाजाच्या वतीनं बोलावं अशी अपेक्षा केली जाते. कॅमरन यांच्या मोठ्या भूमिका त्या ओझ्याखाली आहेत. छोट्या भूमिकांत ओझं नाही, पण उभं राहायला जागाही नाही.

यावर तुम्ही म्हणाल, रंगाचा उल्लेख नसणं हे खरंच चांगलं का? योग्य शंका आहे. ज्या बीबीसीनं १९६६मध्ये हा अंतराळवीर दाखवला, तिच्यावरच गोरे गायक तोंडाला काळं फासून गाणारा ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ १९५८ ते १९७८ चालला. एका खोलीत रंग विसरायचा आणि शेजारच्या खोलीत त्याची टर उडवायची. म्हणून विल्यम्सला मी ‘प्रगती’ म्हणत नाही. एका यंत्रणेच्या आत दोन विसंगत गोष्टी कशा नांदतात, याचा पुरावा म्हणतो.

कारकिर्दीत एक रिकामी जागाही आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅमरन बहाई धर्माच्या कामासाठी सॉलोमन बेटांवर गेले, तिथे त्यांनी आइस्क्रीमचं दुकान चालवलं आणि नव्वदच्या दशकात परतले. ‘भूमिका मिळेनात म्हणून गेले’ असं लिहायचा मोह मला झाला. ते माझ्या मांडणीत छान बसलं असतं. पण माणसाची श्रद्धा आणि निर्णय आपल्या मांडणीच्या सोयीसाठी वापरायचे नसतात. रिकामी जागा रिकामी म्हणूनच नोंदवा.

परतल्यावर २००५मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, ‘द इंटरप्रिटर’ या अमेरिकन चित्रपटात त्यांनी झुवानी रंगवला. एका काल्पनिक आफ्रिकी देशाचा मुक्तिदाता आणि नंतरचा जुलमी सत्ताधीश. पडद्यावरचा वेळ फार नाही, पण सगळी कथा त्याच्याभोवती फिरते. आणि तिथे प्रश्न त्याच्या रंगाचा नाही, त्यानं सत्तेचं काय केलं याचा आहे. १९५१चा जॉनी लुबाडला गेला होता. झुवानीनं एक देश लुबाडलाय आणि त्याचा जाब त्याला द्यायचा आहे. नटाला वाईट असण्याचा हक्क मिळायला चोपन्न वर्षं लागली.

तुमच्या प्रस्तावात ‘पहिला’ असेल, तर एक करा. त्या माणसाच्या उपलब्ध कामांची यादी घ्या आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: कथेचा प्रश्न काय, हा माणूस कथेत काय करतो, आणि आज या कामाचं काय उरलंय. तिसरा रकाना भरताना बऱ्याच जागी काट मारावी लागेल. ती काट खोडू नका, प्रबंधात राहू द्या. माझ्या सुधारित मसुद्यात ‘पहिला’ हा शब्द आता फक्त एकदा येतो, तोही रॉबर्ट ॲडम्स यांच्या पुढे प्रश्नचिन्हासह. मॅडमनी या वेळी गोल काढला नाही.