नाव मिळाले, काम कोणते?

महाराष्ट्र शासनाने १९८९ साली कायदा करून रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन केले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत होऊन तेव्हा अकरा वर्षे लोटली होती, आणि नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एकीकडे ज्या नावासाठी वस्त्या जळाल्या, ते नाव दुसरीकडे विनासायास मिळाले. याचे कारण उघड आहे. औरंगाबादेत नाव प्रस्थापितांच्या सत्तास्थानावर हक्क सांगत होते. लोणेऱ्यात हलवावे असे कोणाचे आसनच नव्हते. शिवाय तंत्रशास्त्र म्हणजे यंत्रे आणि नोकऱ्या, त्याने समाजरचनेला धक्का लागत नाही, असा भद्र समाजाचा समज आहे.

बाबासाहेबांचा तसा समज नव्हता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी मांडले. त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत उमेदवारी मागितली. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे १९३६ सालीच सांगणाऱ्या माणसाची ही मागणी होती. हात एकाचा आणि विद्या दुसऱ्याची, ही वाटणी मोडणे हा तिचा अर्थ.

२०१४ च्या कायद्याने या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सबंध राज्य झाले. त्यामुळे लोणेऱ्याचा प्रश्न आता ठाणे-कल्याणचाही आहे. मी याच पट्ट्यात शिकवतो. येथे रेल्वे आहे, कारखाने आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तरीही मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलात मैलापाण्याची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला अशा कामाला उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उंच इमारत उभारणारे तंत्र आपल्याकडे आहे. तिच्या तळाशी मात्र माणूसच उतरतो. ही तंत्राची उणीव नाही. मरणारा कोण, हे ठाऊक असल्यामुळे आलेली ही बेफिकिरी आहे.

म्हणून पुतळे, जयंत्या आणि पदव्यांची संख्या यांवर मी हे विद्यापीठ मोजणार नाही. गटारातला माणूस वर काढणे हा त्याच्या अभ्यासक्रमाचा विषय आहे काय? आणि त्या माणसाच्या मुलीला त्याच्या प्रयोगशाळेत शुल्काच्या धास्तीशिवाय शिरता येते काय? या दोन प्रश्नांना होकार मिळेपर्यंत नाव आपले, विद्यापीठ त्यांचे!