निकालपत्रही वाचावे

भिवंडीवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींच्या कथा-कवितांत यंत्रमागांचा खडखडाट आहे, कोंदट खोली आहे, दंगल आहे. गरिबी मात्र बहुधा नशीब म्हणून येते. तिच्याविरुद्ध दाद मागता येते, हे आमच्या पात्रांना क्वचितच सुचते. म्हणूनच न्यायालयांची निकालपत्रे आम्ही कथेइतक्याच बारकाईने वाचावीत, असे आम्हांस वाटते.

राज्यघटनेचे ३९वे कलम उपजीविकेच्या पुरेशा साधनाचे आश्वासन देते, ४३वे निर्वाह वेतनाचे. पण ३७वे कलम सांगते, की ही तत्त्वे कारभारात मूलभूत असली तरी न्यायालयातून ती अमलात आणता येणार नाहीत. या कोंडीतून वाट निघाली ती २१व्या कलमातल्या जीविताच्या हक्कातून. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आलाच. हा भाग वाचताना ऊर भरून येतो. पण शेवटची पाने वाचा. ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, झोपड्या पाडू नयेत; पुढे पाडायला मोकळीक. १९७६च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती हटवण्याची पूर्वअट नव्हे. हक्काला शब्द मिळाला, छप्पर गेले.

अन्नाच्या हक्काच्या खटल्यातला २८ नोव्हेंबर २००१चा अंतरिम आदेश याहून रुक्ष आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाला शिजवलेले जेवण, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षात किमान २०० दिवस. त्याआधी बहुतेक राज्यांत मुलांना कोरडे धान्य मिळे. या आदेशात अलंकार एकही नाही. काय, किती, कोणाला, हे मात्र आहे. म्हणूनच तो ताटापर्यंत पोहोचला. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात शाळेतले जेवण हक्क म्हणून आले.

आता आमच्या गावाकडे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतली जिलानी इमारत कोसळली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०२२ मध्ये निकाल आला. बेकायदा बांधकामे आणि पालिकांची जबाबदारी हा त्याचा विषय. तो आवश्यकच होता. पण धोकादायक घरात माणूस का राहतो, हा प्रश्न भाड्याचा आणि मजुरीचा आहे, आणि तो विचारणारा अर्जदार तेथे नव्हता. राहणारे त्या खटल्यात आले ते मृत म्हणून.

तो अर्जदार आमच्या साहित्यातही नाही. पुढच्या कथेत कारागिराचा घाम असू द्या. पण मीटरमागे त्याला काय मिळते, किमान वेतन किती ठरले आहे आणि फरक कोणाकडे मागायचा, हेही असू द्या.