रक्तपिपासूंची भावकी आणि निर्वंशांची भुते : भयप्रधान भूमिकाखेळातील एका रचनातत्त्वाची चिकित्सा

टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांनी गेल्या पाच दशकांत कथनाचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून स्थान मिळविले आहे. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. 1991 मध्ये मार्क राइन-हेगन यांचा 'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा भयप्रधान खेळ आला. या खेळांना नित्य नवे राक्षस लागतात आणि ते देशोदेशींच्या लोककथांतून उचलले जातात. भारतीय भुतेही त्यास अपवाद नाहीत. हडळ, वेताळ, मुंजा यांना घेऊन रक्तपिपासूंची एखादी नवी 'कुळी' बांधावी, ही कल्पना या क्षेत्रातील कोणाही उत्साही रचनाकाराला सुचण्यासारखी आहे. ती मराठी लोकपरंपरेशी कितपत जुळते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. हा विषय मनोरंजनाचा म्हणून सोडून देता येत नाही. भुदरगडसारख्या तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी आज व्हॅम्पायर मोबाईलवर पाहतो आणि हडळ आजीकडून ऐकतो. या दोहोंची सरमिसळ त्याच्याच मनात होत असते.

कुळीचे व्याकरण

'मास्करेड'मधील व्हॅम्पायर एकटा नसतो. मानवजातीतील पहिला खुनी, बायबलमधील केन, हा या सर्वांचा मूळपुरुष मानला आहे. त्याच्यापासून पिढ्या मोजल्या जातात, आणि पिढी जितकी दूरची तितके रक्त क्षीण. माणसाचे रक्त शोषून घ्यावयाचे आणि मग त्याला आपल्या रक्ताचा घोट द्यावयाचा, या क्रियेने नवा व्हॅम्पायर 'जन्मतो'. एकूण कुळे तेरा, आणि त्यांखेरीज काही लहान शाखा. प्रत्येकीची ठरावीक सामर्थ्ये व ठरावीक वैगुण्य. नोस्फेराटू कुळातील प्रत्येक जण विद्रूप असतो, त्यातून कोणाचीही सुटका नाही. अशा लहान शाखेला मराठीत प्रतिशब्द शोधावयाचा झाल्यास 'भावकी' हा शब्द चपखल बसतो. एकच रक्त, वडीलधाऱ्यांचा धाक, जुन्या वाटणीचे वैर आणि बाहेरच्यासमोर मात्र एकी. बांधावरून कोर्टात गेलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या खेळातील राजकारण समजावून सांगावे लागणार नाही.

हे रचनातत्त्व खेळ म्हणून अत्यंत कार्यक्षम आहे, हे मान्य केले पाहिजे. खेळाडूला आयती ओळख मिळते, शत्रू मिळतात, इतिहास मिळतो. तथापि त्याचा पाया एका गृहीतकावर उभा आहे : राक्षसपण ही वारशाने येणारी गोष्ट आहे आणि ती पुढे चालवता येते. सरंजामी घराण्याच्या भीतीतून घडलेल्या युरोपीय व्हॅम्पायरला हे गृहीतक शोभते. 1819 मधील जॉन पॉलिडोरीचा व्हॅम्पायर हा उमराव होता आणि 1897 मधील ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला हा काउंट होता. जुने घराणे मरावयास तयार नाही आणि नव्या पिढीच्या रक्तावर जगते, हे त्या कथांचे मर्म होय.

निर्वंशांची सृष्टी

मराठी भूतसृष्टीकडे वळले की हे गृहीतक पहिल्याच पावलावर अडखळते. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांची 1909 मध्ये हत्या झाली. त्यांच्या संग्रहातील टिपणे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केली आणि त्यांपैकी कोकणविषयक खंड 1915 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील माहिती बव्हंशी गावोगावच्या शाळामास्तरांनी कळविलेली आहे. (आपल्या व्यवसायबंधूंचे हे ऋण लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पुरेसे मानलेले नाही.) मुंजा, समंध, वीर, देवचार, गिऱ्हा, झोटिंग, खवीस, हडळ, जखीण, लावसट, अलवंतीण ही नामावळी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक भुतांची व्याख्या ती काय करतात यावरून केलेली नाही. मरणाऱ्याचे कोणते देणे, कोणता संस्कार अपुरा राहिला, यावरून ती केली आहे. मुंज झाली पण लग्नापूर्वी मेला तो मुंजा. मागे कोणी नाही, क्रियाकर्म झाले नाही, धनावर जीव राहिला तो समंध. सवाष्ण मेली ती जखीण, विधवा मेली ती लावसट, गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेली ती अलवंतीण किंवा हडळ. गावागावांतून या व्याख्या थोड्याबहुत बदलतात, परंतु त्यांचे तत्त्व बदलत नाही. जातही सुटलेली नाही. मुंजा ब्राह्मणाचा आणि देवचार शूद्राचा, अशी वाटणी मरणानंतरही कायम आहे.

म्हणजे मराठी भूत हे वंशाच्या खंडातून निर्माण होते. पिंड देणारा नाही, पाणी सोडणारा नाही, नाव सांगणारा नाही, म्हणून ते फिरते. आपल्या भाषेत 'तुझा निर्वंश होवो' हा शाप का ठरतो, याचे उत्तर या नामावळीत आहे. ज्याला वंश नाही तेच जर भूत, तर भुतांचा वंश ही कल्पनाच मुळात उलटी ठरते. हडळ चावली म्हणून दुसरी स्त्री हडळ होत नाही. ती 'धरते', 'झोंबते', आणि अंगात येऊन मागते काय, तर साडीचोळी, नैवेद्य, क्वचित आपले मूल. या मागण्या देणेकऱ्याच्या नसून येणेकऱ्याच्या आहेत.

हडळीच्या रूपाचाच विचार करू. ती समोरून भरल्या अंगाची आणि पाठीमागून निव्वळ सापळा असते, तिचे पाय उलटे असतात, असे वर्णन आढळते. खेळाच्या पुस्तकात हे वर्णन जसेच्या तसे उतरेल यात शंका नाही, कारण चित्रकाराला ते आवडेल. सामर्थ्य : मोहविणे. वैगुण्य : पाठ दिसू नये. परंतु ज्या काळात बाळंतिणीचा मृत्यू घरोघरी ठाऊक होता, त्या काळाने हे रूप कल्पिले आहे. पुढून घरादाराला दिसणारी लेकुरवाळी आणि मागून झिजून हाडे उरलेला देह, असे ते वाचता येते. हा अन्वय सर्वांना पटेलच असे नाही. परंतु मृत्यूचे कारण वगळून केवळ रूप उचलले की तो करण्याची शक्यताच संपते, एवढे तरी मान्य व्हावे.

रक्तवंश म्हणावा असा एक दाखला आपल्या परंपरेत आहे, पण तो भुताचा नाही, असुराचा आहे. देवीमाहात्म्यातील रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेवढाच बलवान दुसरा असुर उभा राहतो. नवरात्रात सप्तशतीचा पाठ होणाऱ्या घरांत ही कथा परिचयाची आहे. येथे रक्ताने वंश वाढतो खरा, परंतु रक्त पिते ती देवी, आणि तिच्या पिण्याने तो वंश थांबतो. व्हॅम्पायरच्या कथेत पिणे हे प्रजननाचे साधन आहे, तर येथे ते समाप्तीचे साधन आहे. रक्तप्राशनाचा अर्थ सर्वत्र एकच असतो असे मानून 'भारतीय व्हॅम्पायर' शोधणाऱ्यांनी या एका कथेपाशी तरी थांबावयास हवे होते.

वेताळाचे दोन प्रवास

हा शोध नवा नाही. रिचर्ड बर्टन याने 1870 मध्ये वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना ग्रंथाच्या नावातच त्याला 'व्हॅम्पायर' करून टाकले. वास्तविक अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात आलेला हा वेताळ प्रेतात शिरतो, राजाच्या खांद्यावर बसतो आणि प्रश्न विचारतो. राजाच्या गळ्याला तो तोंड लावत नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'वेताळपंचविशी' मराठीत आणली, तेव्हा मराठी वाचकाला ती न्यायनिवाड्याच्या कोड्यांची कथामाला म्हणून भेटली. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ ग्रामदैवत आहे. गोव्यातील बेताळभाटी या गावाचे नावच त्याच्यावरून पडले आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. त्या झिजतात आणि ती झीज हाच त्याच्या फेरीचा पुरावा मानला जातो. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या आपल्याकडील अनेक कुटुंबांना हा देव ठाऊक आहे. भुतांचा राजा गावाचा पहारेकरी होतो, ही घडामोड कोणत्याही तेरा कुळांच्या कोष्टकात बसणारी नाही.

दुसरा प्रवास अगदी अलीकडचा आहे. आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाने 2024 मध्ये 'मुंज्या' आणि 2025 मध्ये 'थामा' हे दोन हिंदी चित्रपट केले. 'थामा'मध्ये वेताळ ही रक्तावर जगणारी एक जमात आहे आणि माणसाचे वेताळात रूपांतर होऊ शकते. बर्टनचा व्हॅम्पायर दीडशे वर्षांनी घरी परतला तो असा. 'मुंज्या' मात्र लोकपरंपरेच्या तर्काला अधिक जवळचा आहे. त्यातील मुलगा लग्नाची वासना घेऊन मरतो. त्याचा स्वतःचा वंश नाही, म्हणून तो बहिणीच्या वंशजाला धरतो. रक्ताचे नाते येथेही आहे, परंतु ते भुताने निर्माण केलेले नसून त्याने हक्क सांगितलेले आहे. एकाच दिग्दर्शकाच्या दोन कृतींत हा भेद दिसावा, हे उद्बोधक आहे. पडद्यावरची करामत दोन्हींत भरपूर असली तरी भीतीची जात 'मुंज्या'त अस्सल आहे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने (2018) तिसरा मार्ग घेतला. तेथे बापाकडून मुलाकडे जाते ती हाव, आणि राक्षस जागच्या जागी राहतो. नारायण धारपांनी 'लुचाई'त स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'चा आधार घेऊन परका व्हॅम्पायर मराठी गावात आणला, तोही परका म्हणूनच. हडळीला व्हॅम्पायर म्हणण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक होते.

डाकिणीचा प्रश्न

येथवरच्या विवेचनावर असा आक्षेप येईल, की लोककथा बदलत असतात, खेळानेही त्या बदलल्या तर बिघडले कोठे? आक्षेप रास्त आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1977 च्या राक्षसकोशात 'राक्षस' वाघाच्या तोंडाचा आहे आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. रामायण वाचलेल्याला त्याचे हसू येईल, इजा होणार नाही. परंतु कुळीची गोष्ट वेगळी आहे. त्याच 'मास्करेड' खेळात राव्हनोस नावाचे कूळ होते. त्याचे मूळ भारतात कल्पिलेले आणि त्याचे नाते युरोपातील रोमा लोकांशी जोडलेले. वैगुण्य कोणते, तर गुन्हा करण्याची अनावर ओढ. एका जिवंत समाजावरील जुना आळ रक्तातील दोष म्हणून नियमपुस्तकात छापला गेला. त्यावर टीका झाली आणि अलीकडच्या आवृत्तीत ते वैगुण्य बदलण्यात आले. एकेकाळी कायद्यानेच 'गुन्हेगार जमाती' ठरविल्या गेलेल्या आपल्या देशात या प्रकाराचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात याची जोड सापडते ती डाकिणीत. हडळ मेलेली असते, डाकीण जिवंत असते. सातपुड्याच्या नंदुरबार भागात डाकीण ठरवून स्त्रीला मारहाण करणे, गावाबाहेर काढणे, प्रसंगी जीव घेणे हे प्रकार स्वातंत्र्यानंतरही घडत आले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना त्यासाठी तेथे वर्षानुवर्षे काम करावे लागले आहे. डाकिणीची विद्या एकीकडून दुसरीकडे जाते, आईकडून लेकीकडे उतरते, असा समज असतो. म्हणजे आपल्या लोकसमजुतींत राक्षसी वारशाला जेथे जागा आहे, तेथे त्याचे परिणाम जिवंत बाई भोगते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याला भूत उतरविण्याच्या निमित्ताने होणारी मारहाण गुन्हा ठरवावी लागली, ती उगाच नव्हे. 'लोककथेवर आधारित स्त्री-रक्तपिपासूंची कुळी' रचणारा लेखक अजाणता हीच समजूत उचलतो आणि तिला फाशांचे गुण लावतो. खेळणाऱ्याच्या हातून कोणावर दगड पडेल असे येथे म्हणावयाचे नाही. रचनाकाराने डाकीण या शब्दामागे नांदती माणसे आहेत हे जाणून ते पान लिहावे, किंवा लिहूच नये, इतकेच म्हणावयाचे आहे.

मराठी भुतांवर खेळ होऊच नये, असा याचा अर्थ नाही. उलट ही सामग्री भूमिकाखेळाला फार अनुकूल आहे, कारण प्रत्येक भुतामागे एक न मिटलेला व्यवहार आहे आणि तो शोधून काढणे हाच खेळ होऊ शकतो. पात्राच्या कोष्टकात कूळ आणि पिढी यांऐवजी मृत्यूचे कारण, राहिलेले देणे आणि ते कोण फेडू शकेल, असे रकाने असावेत. खेळाडूंनी भूत होण्याऐवजी त्या भुताच्या घरचे व्हावे. त्या घरात काय दडवले गेले ते फाशांच्या आधाराने उकलावे. मुंजाचेच उदाहरण घेतल्यास त्याचे झाड पिंपळ, आणि अपत्य नसलेली जोडपी मुलगा मानून मुंज लावीत तीही पिंपळाचीच.