बिटकॉइन-खननयंत्रांच्या निर्मात्यांमधील स्पर्धा : एक चिकित्सा

बिटकॉइन या आभासी चलनाचा आराखडा सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली प्रसिद्ध झाला. नऊ पानांच्या त्या निबंधात प्रत्येक संगणक-प्रक्रियकास एक मत, असे तत्त्व गृहीत धरले आहे. सामान्य संगणकांनी व्यवहारांची पडताळणी करावी व मोबदल्यात नवी नाणी मिळवावीत, म्हणजे सत्ता एका हाती एकवटणार नाही, अशी ही कल्पना. या निबंधाची उणीव त्याच्या गणितात नाही. यंत्र कोण घडविणार, हा प्रश्नच त्यात उपस्थित होत नाही.

२०१३ मध्ये चीनमधील 'अॅव्हलॉन' यंत्राने हे गृहीतक मोडीत काढले. त्यातील चिप केवळ एकाच प्रकारची आकडेमोड करते, मात्र इतक्या वेगाने की सामान्य संगणक त्यापुढे निरुपयोगी ठरला. त्यानंतर अनेक निर्माते आले आणि गेले. स्वीडनमधील केएनसीमायनर २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

स्पर्धा असली की विकेंद्रीकरण आपोआप टिकते, असे बाजारपेठेचे समर्थक म्हणतात. हा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बिटमेनने २०१८ साली हाँगकाँगमध्ये दाखल केलेल्या प्रस्तावानुसार २०१७ मध्ये या बाजारपेठेचा सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा तिच्याकडे होता. परंतु पूर्वी तिच्याचसाठी चिपरचनेचे काम केलेल्या यांग झुओशिंग यांनी २०१६ मध्ये मायक्रोबीटी स्थापन केली आणि २०१९ पर्यंत तिची 'व्हॉट्समायनर' यंत्रे बिटमेनला तुल्यबळ ठरू लागली.

तथापि ही स्पर्धा कशासाठी, हे पाहणे अगत्याचे आहे. ती मुख्यतः विजेच्या बचतीची आहे. एक टेराहॅश आकडेमोडीस २०१६ च्या 'अँटमायनर एस९'ला सुमारे १०० ज्यूल ऊर्जा लागत असे, 'एस२१'ला १७.५ ज्यूल पुरते. एकूण नाणी मात्र वाढत नाहीत, कारण दर २,०१६ ठोकळ्यांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची काठिण्यपातळी नव्याने ठरते. परिणामी प्रत्येक नवे यंत्र ग्राहकाच्या जुन्या यंत्राची कमाई खाते. शिवाय बिटमेन स्वतःही खनन करीत असे. बियाणे विकणाराच शेजारच्या शेतात तेच पीक घेऊ लागला, आणि उत्तम वाण आधी स्वतः पेरू लागला, तर गिऱ्हाइकाचे काय होईल, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागणार नाही!

२०१७ मध्ये बिटमेनच्या यंत्रांत ती दुरून बंद पाडता येतील अशी सोय आढळली. ती मालकांच्याच सोयीसाठी योजलेली व अपूर्ण राहिलेली होती, असा खुलासा करून कंपनीने ती काढून टाकली. खुलासा खरा मानला, तरी नियंत्रणाची किल्ली कोणाकडे होती, हे त्यातून उघड झाले.

निर्माते वाढले, तरी त्यांच्या चिपा घडविणारे कारखाने मोजकेच आहेत : प्रामुख्याने तैवानची टीएसएमसी आणि कोरियाची सॅमसंग. इंटेलसारखी बलाढ्य कंपनी २०२२ मध्ये 'ब्लॉकस्केल' चिपेसह या क्षेत्रात उतरली आणि एप्रिल २०२३ मध्ये ती मालिका बंद करीत असल्याचे तिने जाहीर केले.